रामजी सुभेदारांच्या घरातल्या गोष्टी आणि बाबासाहेब

विहारात, वसतिगृहाच्या खोलीत किंवा जयंतीच्या तयारीच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. आता पुढे कोण होणार? प्रश्न निघाला की बैठक थोडी शांत होते. एखादा हुशार, वाचणारा, कष्टाळू पोरगा मान खाली घालतो. त्याच्या घरात कधी कोणी पुढारी नव्हते, मग आपल्याला हे कसे जमणार, असे त्याला वाटते. एखादी मुलगी बोलायला तोंड उघडते आणि थांबते, कारण तिच्या घरात बायांनी सभेत बोलल्याची एकही गोष्ट तिने ऐकलेली नाही. दुसऱ्या बाजूला एखादा तरुण न सांगता पहिल्या रांगेत बसतो, कारण त्याचे आजोबा मोठे कार्यकर्ते होते आणि ते घरात रोज सांगितले गेले आहे.

या तिघांनाही घरातल्या गोष्टींनीच घडवले आहे. काही सांगितलेल्या गोष्टींनी, काही न सांगितलेल्या. म्हणूनच आम्ही आज बाबासाहेबांचे आयुष्य या एका बाजूने पुन्हा पाहणार आहोत. बाबासाहेब कोणत्या घरात वाढले, त्या घरात कोणत्या गोष्टी सांगितल्या जात होत्या, त्यातल्या कोणत्या त्यांनी घेतल्या आणि कोणत्या साफ नाकारल्या? त्यांच्या पदव्या आपल्याला पाठ आहेत. हे घर मात्र आपण पुरेसे पाहिलेले नाही.

शिपायांचे घर

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत झाला. घराणे मूळचे कोकणातल्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे गावचे. आजोबा मालोजी सकपाळ फौजेत होते. वडील रामजी सुभेदार झाले आणि लष्कराच्या शाळेत त्यांनी अनेक वर्षे शिकवले, मुख्याध्यापक म्हणून काम पाहिले. आई भीमाबाई मुरबाडकरांच्या घरातल्या. त्यांचे वडीलही फौजेत सुभेदार-मेजर होते. म्हणजे दोन्हीकडून शिपायांचे रक्त, शिस्तीची सवय, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे अक्षरांची ओळख.

गावात ज्या माणसाच्या सावलीचा विटाळ होत होता, तोच माणूस फौजेत गणवेश घालत होता, हुकूम देत होता, बढती मिळवत होता. छावणीत शिपायांच्या मुलामुलींना शिकावे लागत होते. त्यामुळे या घरातल्या मुलाला एक गोष्ट कोणी वेगळी समजावून सांगायची गरज नव्हती. आपण कमी नाही, संधी मिळाली तर आपण कोणाच्याही बरोबरीने उभे राहतो, हे त्याच्या घरातच घडलेले होते.

पण याच गोष्टीचा दुसरा भागही होता. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्रज सरकारने महारांची फौजेतली भरती बंद केली. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सरकारसाठी लढाया केल्या त्यांच्यासाठी दार लावून घेतले. कोकणात गोपाळबाबा वलंगकरांसारखे निवृत्त शिपाई या अन्यायाविरुद्ध अर्ज लिहीत होते. रामजींनीही न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याकडून अर्ज तयार करून घेतल्याचे चरित्रकारांनी नोंदवले आहे. अर्जांचा तेव्हा उपयोग झाला नाही. पण वडील अन्याय झाल्यावर नशिबाला दोष देत बसले नाहीत. त्यांनी कागद हातात घेतला, जाणत्या माणसाकडे गेले, मागणी लिहून काढली. शौर्याच्या गोष्टीइतकीच ही अर्जाची गोष्टही मुलाच्या वाट्याला आली. पुढे साउथबरो समितीपासून गोलमेज परिषदेपर्यंत निवेदनांवर निवेदने लिहिणारे बाबासाहेब पाहिले की या घराची आठवण येते.

साधूचे भाकीत

या घरात आणखी एक गोष्ट सांगितली जात असे. रामजींचे एक चुलते संन्यास घेऊन निघून गेले होते. महूला असताना त्यांची भेट झाली आणि त्यांनी आशीर्वाद दिला की या कुळात एक असा मुलगा जन्माला येईल जो इतिहासात नाव करील. त्यानंतर भीमरावांचा जन्म झाला, चौदावे अपत्य म्हणून. चरित्रकारांनी ही आख्यायिका घरातल्या श्रद्धेसह नोंदवली आहे, आणि आजही जयंतीच्या भाषणांत ती रंगवून सांगितली जाते.

आम्हाला या गोष्टीपाशी थोडे थांबावेसे वाटते. मुलाला लहानपणापासून तू काहीतरी मोठे करणार आहेस असे घरच्यांनी मानणे, ही मोठी ताकद आहे. चौदा अपत्यांपैकी पाचच जगली. बाळाराम, आनंदराव आणि भीमराव हे तीन मुलगे, मंजुळा आणि तुळसा या दोन मुली. मृत्यूच्या एवढ्या सावटात वाढणाऱ्या शेंडेफळाबद्दल आईबापांनी आशा धरली, त्या आशेला साधूच्या शब्दाचा आधार मिळाला. यात नवल नाही.

पण भाकितामुळे बाबासाहेब घडले, असे आपण सांगू लागलो की दोन गोष्टी बिघडतात. एक, त्यांचे कष्ट लहान होतात. दुसरी, ऐकणाऱ्या पोराला वाटते की आपल्यासाठी कोणी भाकीत केलेले नाही, म्हणजे आपला नंबर नाही. ज्या धम्मात जन्माने कोणी श्रेष्ठ किंवा नीच ठरत नाही, कर्माने ठरतो, त्या धम्माच्या अनुयायांनी आपल्या नेत्याची कथा अवताराच्या साच्यात सांगावी, हे बरोबर नाही. भाकीत अनेक घरांत झाले असेल. पण रामजींनी त्या भाकितावर विसंबून मुलाला मोकळे सोडले नाही. त्यांनी त्याला अभ्यासाला बसवले.

रोज रात्रीचे वाचन

आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, 'द बुद्धा अँड हिज धम्मा' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी आपल्या बालपणाची एक आठवण सांगितली आहे. आमच्या मते कार्यकर्ता होऊ पाहणाऱ्या प्रत्येक तरुणाने ती वाचली पाहिजे.

रामजी कबीरपंथी होते. घरात दारू नाही, मांस नाही, भजन आणि पाठांतर नित्याचे. संतांचे अभंग, कबीराचे दोहे मुलांच्या कानावर पडत. पंथाप्रमाणे मूर्तिपूजेवर त्यांचा विश्वास नव्हता, तरी मुलांसाठी म्हणून घरात गणपती बसत असे. ही विसंगती लहान भीमरावांच्या नजरेतून सुटली नव्हती. रोज रात्री झोपण्यापूर्वी भीमराव आणि त्यांच्या थोरल्या भावाने रामायण-महाभारताचा काही भाग मोठ्याने वाचायचा, असा वडिलांचा नियम होता. ऐकायला बहिणी असत आणि कथेसाठी जमलेली शेजारपाजारची माणसेही. हे बरीच वर्षे चालले.

मुलाने एक दिवस विचारले की जे ग्रंथ ब्राह्मणांची थोरवी गातात आणि शूद्र-अस्पृश्यांना हिणवतात ते आपण का वाचायचे? रामजींचे उत्तर प्रामाणिक होते. आपण अस्पृश्य आहोत, त्यामुळे मुलाच्या मनात न्यूनगंड तयार होण्याचा धोका आहे, आणि या कथा तो न्यूनगंड घालवतात, असे त्यांचे म्हणणे होते. द्रोण आणि कर्ण साध्या परिस्थितीतून केवढे वर गेले, वाल्मीकी कोळी असून रामायणाचे कर्ते झाले, हे त्यांनी मुलाला दाखवले.

हा बाप काय करत होता, ते नीट पाहू या. त्याच्या हाताशी स्वतःच्या समाजाचा छापील इतिहास नव्हता. आपल्या माणसांची चरित्रे नव्हती. जी पुस्तके होती ती दुसऱ्यांची होती. त्या पुस्तकांतून तो मुलासाठी हीन समजल्या गेलेल्या माणसांच्या मोठेपणाची उदाहरणे वेचत होता. मुलाचा कणा ताठ राहावा एवढाच त्याचा हेतू होता. आपल्या कितीतरी घरांत आजे-पणजे हेच करत आले.

पण मुलाचे समाधान झाले नाही. वडिलांच्या म्हणण्यात तथ्य आहे हे त्याला कळत होते. तरीही महाभारतातले भीष्म आणि द्रोण त्याला ढोंगी वाटले, कारण बोलणे एक आणि करणे दुसरे. कृष्ण त्याला कपटाचा आधार घेणारा वाटला. रामाचे शूर्पणखेशी, वाली-सुग्रीवाच्या प्रकरणात आणि सीतेशी वागणे त्याला पटले नाही. हे त्याने वडिलांना सांगितले. वडील गप्प राहिले. मुलाच्या मनात बंड उभे राहिले आहे हे त्यांना उमगले होते.

या शांततेला आम्ही फार मोल देतो. फौजेतला शिस्तीचा माणूस, धार्मिक वृत्तीचा बाप, मुलाने आपल्या श्रद्धेवर बोट ठेवले तेव्हा त्याचे पुस्तक हिसकावून घेत नाही. प्रश्न विचारल्याबद्दल मुलाला घराबाहेर काढत नाही. ज्या घरात असा प्रश्न विचारता आला, त्या घरातून १९५६ च्या २२ प्रतिज्ञा निघाल्या. राम, कृष्ण, गौरी, गणपती यांना देव मानणार नाही असे म्हणणाऱ्या त्या प्रतिज्ञा नागपूरला लाखो लोकांनी घेतल्या. पण त्यांची सुरुवात रामजींच्या घरातल्या कंदिलाच्या उजेडात झाली होती.

अंगावर आलेल्या गोष्टी

काही गोष्टी घरात कोणी सांगत नाही. त्या अंगावर येतात.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये भीमरावांचे नाव दाखल झाले. महाराष्ट्रात हा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळेत त्यांना बसायला घरून गोणपाट न्यावे लागे. नळाला हात लावता येत नसे. शिपाई असेल तर तो नळ सोडणार, नसेल तर तहानलेले राहायचे. न्हावी केस कापत नसे, म्हणून ते काम बहिणी करत. आई भीमाबाई मुले लहान असतानाच गेल्या होत्या. आत्या मीराबाई मुलांना सांभाळत होत्या. त्यांच्या पायांना त्रास होता, तरी जमेल तेवढे त्या करत राहिल्या.

१९०१ च्या उन्हाळ्यात वडील नोकरीनिमित्त गोरेगावला होते. दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून तिथे तलाव खोदला जात होता आणि रामजी खजिनदार होते. मुलांना त्यांनी सुट्टीत बोलावले. नवे कपडे घालून, आनंदात भावंडे-भाचे आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. पत्र वेळेवर न पोचल्याने घ्यायला कोणी आले नव्हते. मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. गाडीवाले यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे आणि गाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर एक जण तयार झाला. सोबत डबा होता, पण पाणी मिळाले नाही. रात्र जकात नाक्यापाशी उपाशीपोटी काढली. भीमरावांचे वय तेव्हा दहाच्या आसपास होते.

हा अनुभव बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवला. अस्पृश्यता म्हणजे काय ते परदेशी वाचकाला समजावे म्हणून लिहिलेल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या लेखनाची सुरुवात याच प्रवासाने होते. त्यात पुढे बडोद्यातली पारशी सराय येते, चाळीसगावचा टांगा येतो, दौलताबादच्या किल्ल्यावर झालेला पाण्यावरून अपमान येतो, आणि इतर अस्पृश्यांवर गुदरलेले प्रसंगही येतात.

इथे नेत्याचे एक महत्त्वाचे काम दिसते. अपमान झाला तर माणूस तो लपवतो. घरातही बोलत नाही. त्याला वाटते, माझ्यातच काही खोट होती. बाबासाहेबांनी तो अपमान कागदावर मांडला, तारखेसह, ठिकाणासह, आणि शेजारी इतरांचे अपमान ठेवले. तेव्हा दिसले की हा एका मुलाचा दुर्दैवी प्रवास नाही, ही व्यवस्था आहे. लाज जिने द्यायला हवी होती तिच्याकडे बोट वळले. घरातली गोष्ट अशी समाजाची साक्ष झाली.

सत्काराला नकार देणारा बाप

पुढे कुटुंब मुंबईला आले. परळच्या चाळीतली एक खोली. त्यातच संसार, त्यातच अभ्यास. रामजी स्वतः पहाटे दोनपर्यंत जागत आणि मग मुलाला उठवून अभ्यासाला बसवत. त्या वेळी चाळ शांत असे आणि झोपायला जागा रिकामी होई. मुलाला पुस्तके हवी असली की निवृत्तिवेतनावर जगणारा हा बाप आपल्या लग्न झालेल्या मुलींकडे जाई, त्यांचा दागिना मागून घेई, गहाण ठेवी आणि पेन्शन आली की सोडवून परत करी. मंजुळा आणि तुळसा या बहिणींची नावे आपल्या भाषणांत किती वेळा येतात? बाबासाहेबांच्या ग्रंथप्रेमाची कथा सांगताना त्या दागिन्यांची कथा सांगितली नाही तर ती अर्धीच राहते.

एल्फिन्स्टन हायस्कूलच्या काळात भीमराव परीक्षा उत्तीर्ण झाले. अस्पृश्य समाजातून इतके शिकणारा मुलगा म्हणून लोकांना आनंद झाला. जाहीर सत्कार करायचे ठरले. परवानगी मागायला मंडळी रामजींकडे गेली तर त्यांनी साफ नकार दिला. अशाने मुलगा चढून जाईल, परीक्षाच तर पास झाला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मग मंडळी कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींकडे गेली. गुरुजींनी रामजींना समजावले आणि सभा झाली. त्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांच्या हातात ठेवले.

आज दहावीच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी चौकात फलक लागतो. त्यावर पोराच्या फोटोपेक्षा शुभेच्छुकांचे फोटो मोठे असतात. त्या पार्श्वभूमीवर रामजींचा नकार आठवावा. ज्या घरात मुलगा इतिहासात नाव करील असे भाकीत जपले जात होते, त्याच घरात त्याला वेळेआधी मोठे होऊ दिले गेले नाही. तू मोठा होशील हा विश्वास आणि तू अजून मोठा झालेला नाहीस ही आठवण, दोन्ही एकाच बापाने दिली. नेतृत्व घडते ते या दोन्हींच्या जोडीने. नुसता विश्वास दिला तर अहंकार वाढतो, नुसती आठवण दिली तर पोर खचते.

आणि त्या सभेतून मिळाले काय? एक नवी गोष्ट. रात्रीच्या वाचनातल्या ज्या नायकांनी मुलाचे समाधान केले नव्हते, त्यांच्या जागी आता असा माणूस आला ज्याचे बोलणे आणि करणे एक होते. रामायण-महाभारत वाचून झाल्यावर बुद्धाकडे वळल्यामुळे आपले मन कोरे नव्हते, तुलना करायला जवळ काही होते, असे बाबासाहेबांनी त्याच प्रस्तावनेत नमूद केले आहे. म्हणजे वडिलांनी लावलेले वाचनही वाया गेले नाही. ते घासायचा दगड ठरले.

जन्म आणि कर्म

बी.ए. झाल्यावर भीमराव बडोदा संस्थानात नोकरीला गेले. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. ते मुंबईला पोचले आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींनी डोळे मिटले. जिने वाट दाखवली ती सावली गेली. त्याच वर्षी सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

तिथून त्यांनी वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहिले. आईबाप मुलाला जन्म देतात, कर्म देत नाहीत, ही समजूत आता सोडून द्यावी, आईबाप मुलांच्या आयुष्याला वळण लावू शकतात, आणि मुलांच्या बरोबरीने मुलींना शिकवले तर आपली प्रगती कितीतरी वेगाने होईल, असा त्या पत्राचा आशय होता. बावीस वर्षांचा, नुकताच पोरका झालेला मुलगा हे लिहितो आहे. नशीब, प्राक्तन, भाकीत हे सगळे बाजूला सारून घरातल्या माणसांची जबाबदारी तो पुढे ठेवतो आहे. दहा वर्षांनी, १९२३ साली, रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. तो त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केला, शिक्षणासाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल कृतज्ञता म्हणून.

एका घराकडून समाजाकडे

इथून पुढचे बाबासाहेबांचे सार्वजनिक आयुष्य आपल्याला ठाऊक आहे. १९२० ला 'मूकनायक', १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा, २० मार्च १९२७ ला चवदार तळे, २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृतीचे दहन. आम्ही इथे फक्त एक धागा दाखवतो. घरात जे काम रामजी मुलांसाठी करत होते, तेच काम बाबासाहेब समाजासाठी करू लागले. लोकांचा कणा ताठ होईल अशी गोष्ट त्यांनी शोधली. फरक एवढाच, की ती त्यांनी दुसऱ्यांच्या पुराणात शोधली नाही.

१ जानेवारी १९२७ रोजी ते कोरेगाव भीमाच्या स्तंभापाशी गेले. तिथे कोरलेल्या नावांत महार सैनिकांची नावे होती. शिपायांच्या घरात ऐकलेला पराक्रम आता दगडावर वाचून दाखवता येत होता. महाडला त्यांनी स्त्रियांसमोर स्वतंत्र भाषण केले आणि राहणी बदलण्यास, मुलींना शिकवण्यास सांगितले. घरातली गोष्ट बदलायची तर ती सांगणाऱ्या आईपर्यंत पोचले पाहिजे, हे त्यांना माहीत होते.

त्यांच्या ग्रंथांच्या अर्पणपत्रिका एकामागून एक पाहिल्या तर लक्षात येते की बाबासाहेब आपले पूर्वज स्वतः निवडत होते. शूद्रांविषयीचा १९४६ चा ग्रंथ महात्मा फुल्यांना अर्पण आहे. अस्पृश्यांविषयीचा १९४८ चा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला आहे. बुद्ध, कबीर आणि फुले हे तीन गुरू त्यांनी मानले. यातला कबीर थेट रामजींच्या घरातून आला. फुले समाजाच्या लढ्यातून आले. बुद्ध आधी भेटीदाखल आले आणि मग आयुष्यभराच्या अभ्यासातून. घराण्यातून मिळालेले, चळवळीतून मिळालेले आणि स्वतः शोधलेले, असे तिन्ही त्यांच्या वंशावळीत एकत्र नांदले.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी नाग लोकांनी बौद्ध धम्म पसरवला हे सांगितले. शतकानुशतके हीन म्हणून हिणवलेल्या माणसांना त्या दिवशी एक वेगळी गोष्ट मिळाली. आपण कोणाच्या पापाचे फळ नाही, एका थोर परंपरेचे वारस आहोत. कितीतरी घरांत त्या रात्री देव्हारे रिकामे झाले आणि मुलांना पहिल्यांदा सिद्धार्थाची गोष्ट सांगितली गेली. जेमतेम दोन महिन्यांत, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले.

घर आणि घराणे

बाबासाहेबांच्या स्वतःच्या घरात काय झाले, तेही विसरू नये. रमाईंच्या पाच अपत्यांपैकी चार डोळ्यांदेखत गेली. यशवंतराव तेवढे जगले. रमाईही १९३५ साली गेल्या. या दुःखातही बाबासाहेबांनी नेतृत्वाची वाट रक्ताच्या नात्यापुरती ठेवली नाही. नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहाची जमिनीवरची धुरा भाऊराव गायकवाडांनी वाहिली. शांताबाई दाणींसारख्या स्त्रिया कार्यकर्त्या म्हणून पुढे आल्या. १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, मग मुंबईचे सिद्धार्थ आणि औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय उभे राहिले, जिथे शेतमजुराचा मुलगाही घडू शकत होता.

बुद्धचरित्रातला एक प्रसंग इथे आठवतो. बुद्ध कपिलवस्तूला परतले आणि भिक्षेसाठी दारोदार फिरू लागले. शुद्धोदनाला वाईट वाटले. आपल्या वंशात कोणी भिक्षा मागितली नाही, असे तो म्हणाला. बुद्धांनी समजावले की तो राजांचा वंश आहे, माझा वंश बुद्धांचा आहे. वंश रक्ताचा नसतो, आचरणाचा असतो.

आपल्या घरात काय सांगायचे?

आम्ही हे लिहितो ते दोन भीतींपोटी. एक भीती अशी की शिकून स्थिरावलेली आपली कितीतरी कुटुंबे मुलांना जुन्या गोष्टी सांगणेच बंद करत आहेत. मुलांना त्रास नको, न्यूनगंड नको, हा हेतू चांगला आहे. पण मग हीच मुले महाविद्यालयात पहिला टोमणा ऐकतात तेव्हा त्यांच्यापाशी उत्तर नसते. टोमणा जुना आहे आणि आपल्या माणसांनी त्याला उत्तर दिले आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. दुसरी भीती अशी की जिथे गोष्टी सांगितल्या जातात तिथे त्या घराण्याच्या गोष्टी होत चालल्या आहेत. आजोबांच्या त्यागाचे व्याज नातू मागतो.

रामजींचे घर या दोन्हींवर उपाय सुचवते. अपमान लपवू नका, पण अपमानावर थांबू नका. त्यानंतर घरातल्या माणसाने काय केले तेही सांगा. कोणी अर्ज लिहिला, कोणी गाव सोडले, कोणी मेलेली ढोरे ओढायचे नाकारले, कोणी दागिना गहाण टाकून पोराला फी भरली. घराघरांत असे कोणी ना कोणी आहे. पुढारी नसेल, पण मागे न हटलेला माणूस आहे. आजी अजून हयात असेल तर तिच्यापाशी बसा, फोनवर तिचा आवाज नोंदवून ठेवा. विहारात महिन्यातून एक संध्याकाळ अशा गोष्टींसाठी ठेवा, आणि त्यात आत्या, बहिणी, आया यांची नावे आधी येऊ द्या.

आणि मग मुलांना प्रश्न विचारू द्या. कालाम सुत्तात बुद्धांनी सांगितले आहे की एखादी गोष्ट परंपरेने चालत आली किंवा कानोकानी ऐकली म्हणून मानू नका, तपासून घ्या. घरातल्या गोष्टींनाही हाच नियम लागू आहे. उद्या आपला मुलगा किंवा मुलगी आपण पूजत आलेल्या एखाद्या नेत्यावर, एखाद्या जयंतीच्या पद्धतीवर, आपल्या स्वतःच्या वागण्यावर बोट ठेवील. तेव्हा रामजींसारखे थोडे गप्प बसता आले पाहिजे.

पुढे कोण होणार, हा प्रश्न पुढच्या बैठकीत पुन्हा निघेल. मान खाली घालून बसलेल्या त्या पोराला आणि बोलता बोलता थांबलेल्या त्या मुलीला आमचे एवढेच सांगणे आहे. घरी जा, विचारा. तुमच्या घरातही एक गोष्ट आहे. ती ऐका, तपासा, आणि जिथे ती संपते तिथून पुढे चालायला लागा.

जय भीम. नमो बुद्धाय.